रक्ताची बाटली आणि तारतम्य

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुका हा कोलाम-गोंडांच्या वस्तीचा मुलूख. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे, आणि तो केवळ आदिवासींपुरता मर्यादित नाही. अशा मुलखात रक्त चढविण्याचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. काचेची बाटली जाऊन प्लास्टिकची पिशवी आली, तरी लोकांच्या तोंडी बाटलीच राहिली. आणि ती शक्तिवर्धक असल्याची श्रद्धाही.

ही श्रद्धा सर्वस्वी निराधार म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली स्त्री याच तांबड्या पेशींनी वाचते. सिकलसेलग्रस्त बालकाच्या प्लीहेत एकाएकी रक्त साठून ते पांढरेफटक पडते, तेव्हा तर तासातासाचा हिशेब असतो. पक्षाघाताचा धोका असलेल्या अशा बालकांना नियमित रक्त दिल्यास तो धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील अभ्यासाने १९९८ साली दाखविले. तेथे रक्त देण्यास कचरणे हा अपराधच होय.

परंतु सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन एरवीही बहुधा सात-आठ ग्रॅमच असते आणि शरीर त्याला सरावलेले असते. निव्वळ तो आकडा पाहून, किंवा हातपाय ठणकतात म्हणून, पिशवी लावणे हे शास्त्र नव्हे. वेदनेच्या झटक्यावर वेदनाशामके व पुरेसे पाणी हाच मुख्य उपचार. हिमोग्लोबिन दहाच्या पुढे रेटले, तर रक्त दाट होऊन उलट अपाय संभवतो. कॅनडात १९९९ साली ८३८ अत्यवस्थ रुग्णांच्या अभ्यासातही सातच्या खाली गेल्यावरच रक्त मिळालेल्यांत मृत्यू अधिक आढळले नाहीत.

सर्वसामान्यांना भीती वाटते ती संसर्गाची. एचआयव्हीची सक्तीची चाचणी आणि १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर आलेली बंदी यांमुळे ती पुष्कळ कमी झाली, संपली मात्र नाही. जे संकट कोणी विचारात घेत नाही ते लोहाचे. प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात शिरते. ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. वर्षानुवर्षे ते यकृतात, हृदयात साचत राहते. शिवाय परक्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली, की जुळणारे रक्त मिळणेच दुरापास्त होते.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी हवीच, पण रुग्णाच्या कार्डावर आजाराचे नाव लिहून भागणार नाही. त्याचे नेहमीचे हिमोग्लोबिन, आजवर चढविलेल्या पिशव्या आणि सापडलेली प्रतिद्रव्ये यांची नोंद त्यावर असावयास हवी. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल नियमित घेतल्यास रक्ताची गरजच पुष्कळदा कमी होते. तेव्हा तिचा पुरवठाही खंडित होता कामा नये. मारेगावचा रुग्ण आज वणीस, तर उद्या यवतमाळ वा चंद्रपुरास न्यावा लागतो. सोबत नोंद नसेल, तर तेथील डॉक्टरपुढे पुन्हा तो एकच आकडा उरतो.