मागच्याला वाट

जानेवारी महिन्यात रस्ता सुरक्षा अभियान येते. एसटी स्टँडवर फलक लागतात, हेल्मेटवर भाषणे होतात, शाळेतील मुले घोषणा देत फेरी काढतात. या सर्व उपदेशाचे सार एकच असते : पुढे पाहून गाडी चालवा. उपदेश चांगलाच आहे. परंतु गाडीला मागची बाजूही असते आणि त्या बाजूला माणसे असतात, याची आठवण सहसा कोणी करून देत नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. टकरीच्या प्रकारांत त्या वर्षी सर्वांत वरचा क्रमांक होता तो मागून बसलेल्या धडकेचा. म्हणूनच या लेखात मला गाडीच्या मागच्या बाजूविषयी लिहावयाचे आहे.

मी स्वतः गाडी चालवीत नाही. तेव्हा 'तुला यातले काय कळते?' असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, रस्ता केवळ चालवणाऱ्याचा नसतो. बसणाऱ्याचा, चालणाऱ्याचा आणि घरी वाट पाहणाऱ्याचाही असतो. माझे वडील नसरापूर–वेल्हे रस्त्यावर वडापची जीप चालवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मार्गासनीच्या बाजूने नसरापूर, तेथून महामार्गाने कापूरहोळ आणि मग भोर असा माझा एसटीचा रोजचा प्रवास. त्यामुळे अरुंद रस्ता आणि रुंद रस्ता असे दोन्ही रस्ते मी एकाच दिवसात दोनदा पाहते.

प्रथम अरुंद रस्त्याविषयी. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट, खानापूरकडून वेल्ह्यात येणारा पाबे घाट, केळदकडे जाणारी वळणे. (वेल्हे तालुक्याचे नाव २०२५ मध्ये राजगड झाले, वळणे मात्र तीच आहेत.) या रस्त्यांवर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकाला मागे जावेच लागते. कायदा सांगतो की, चढणाऱ्या गाडीला अग्रहक्क आहे. उतरणाऱ्याने कडेला थांबावे. कारण उघड आहे. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणे कठीण. पण प्रत्यक्षात, ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल तो मागे जातो. तेथे कोणाची गाडी महाग आणि कोणाची स्वस्त, हे कोणी पाहत नाही.

आता हे मागे जाणे रात्रीचे आणि पावसाचे आहे अशी कल्पना करा. रिव्हर्स गिअर टाकला की गिअरबॉक्समधील स्विच दाबला जातो आणि मागचा पांढरा दिवा लागतो. अजूनही असंख्य गाड्यांत हा दिवा २१ वॅटच्या साध्या बल्बचा असतो. पुढच्या दिव्यातला नेहमीचा बल्ब मात्र ६०/५५ वॅटचा असतो आणि त्याला चांगला परावर्तकही मिळतो. शहरात रस्त्यावरचे दिवे असतात, त्यामुळे तेथे हा मिणमिणता दिवा चालून जातो. आमच्याकडे काच चिखलाने भरलेली आणि मागे दरी! अशा वेळी खरा दिवा म्हणजे माणूसच. एसटीचा कंडक्टर खाली उतरतो आणि शिट्टी वाजवीत गाडी मागे घेतो. आमच्या अंगणात जीप वळवताना आम्हा भावंडांपैकी एकजण बॅटरी घेऊन मागे उभा असतो. "येऊ द्या... येऊ द्या... बास!" हे शब्द आमच्याकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, रिव्हर्सचा दिवा अधिक प्रखर हवा, निदान डोंगरी भागातील प्रवासी गाड्यांना तरी हवा. 'त्याने मागच्याचे डोळे दिपतील' असा आक्षेप घेतला जातो. दिव्याचे तोंड जमिनीकडे असेल आणि तो गिअरबरोबरच लागत-विझत असेल, तर हा त्रास काही क्षणांपुरता उरतो.

परंतु हल्ली याच्या नेमके उलट चालले आहे. बाजारातून एलईडीची पट्टी आणायची, मागे ठोकायची आणि तिला वेगळे बटण लावायचे. मग महामार्गावर कोणी मागे चिकटला की त्याच्या तोंडावर ती पेटवायची! हा दिवा नव्हे, ही मारामारी झाली. पुढे पांढरा आणि मागे लाल ही दिव्यांची भाषा आहे. अंधारात लाल दिसला तर गाडी आपल्या पुढे चालली आहे, पांढरा दिसला तर ती आपल्याकडे येत आहे, हे अक्षरशत्रू माणसालाही कळते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०८ वा नियम मागच्या बाजूला पांढऱ्या प्रकाशाची मुभा देतो ती गाडी मागे घेण्यापुरतीच. शिवाय नंबरप्लेट उजळण्यासारखे किरकोळ अपवाद आहेत. पुढे जाता जाता मागे पांढरा झोत टाकणारा मनुष्य, एका अर्थी, सर्वांशी खोटे बोलत असतो.

आता रुंद रस्ता. पुणे–सातारा महामार्गाचे सहापदरीकरण २०१० मध्ये सुरू झाले. रस्ता रुंद झाला की मनेही रुंद होतील असे वाटले होते. प्रत्यक्षात काय दिसते? भरलेला ट्रक उजव्या लेनमध्ये संथपणे चालला आहे. मागची मोटार अप्पर-डिपर मारून त्याला हाकलते आहे. तो हलत नाही म्हणून ती डावीकडून घुसते आहे. आणि डावीकडून एक दुचाकी उलट दिशेने येत आहे! मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये सुधारणा झाली, तेव्हा उलट दिशेने गाडी चालवणे हे धोकादायक वाहन चालवण्याच्या १८४ व्या कलमात स्पष्ट शब्दांत घातले गेले. पण चेलाडी फाटा असो की कापूरहोळ, रोज हे चालूच आहे.

दोष एकट्या ट्रकवाल्याचा नाही. त्याला विचारले तर तो सांगेल की, डाव्या लेनमध्ये हॉटेलापुढे गाड्या उभ्या असतात, कडेला खड्डे असतात, मध्येच रिक्षा वळते. त्याचे म्हणणे खरे आहे. उलट येणारा दुचाकीस्वारही हौसेने येत नाही. पुलाखालून वळायची वाट लांब पडते आणि पेट्रोल महाग आहे. तेही खरे. तरीसुद्धा उजवी लेन ही कोणाची? 'वेगवानाची' असे मोटारवाला म्हणतो, 'अवजड गाडीची' असे ट्रकवाला मानतो. माझ्या मते ती कोणाचीच नाही. पाणवठ्यावर हंडा भरला की बायका बाजूला होतात; तेथेच बसून कोणी गप्पा मारत नाही, आणि मागची बाई पुढचीच्या हंड्याला धक्काही देत नाही. उजव्या लेनचा धर्म हाच आहे. पुढच्याला ओलांडावे आणि डावीकडे यावे. गाडीने तासाला किती किलोमीटर धावावे हा वेगमर्यादेचा प्रश्न झाला. मागच्याला वाट द्यावी की नाही हा माणुसकीचा प्रश्न आहे.

येथे मला एक गोष्ट लक्षात येते. वरंध्यात जो ड्रायव्हर निमूटपणे शंभर फूट मागे जातो, तोच महामार्गावर चार फूट बाजूला होत नाही. घाटात समोरच्याचा चेहरा दिसतो, हात वर करून 'चला' म्हणता येते. महामार्गावर मागचा माणूस हा आरशातील दोन दिवे असतो, त्याला तोंड नसते. आपली सभ्यता ओळखीच्या तोंडापुरतीच असेल, तर रस्ते कितीही रुंद केले तरी उपयोग नाही.

याची किंमत कोण भरतो तेही सांगते. माझा मावसभाऊ सैन्यभरतीसाठी रोज पहाटे धावत असे. एका रात्री त्याची मोटारसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता की चकाकणारी पट्टी नव्हती. तो वाचला. पायात सळई आहे. भरतीचे नाव आता घरात कोणी काढत नाही. चाळीस-पन्नास रुपयांची लाल पट्टी त्या ट्रॉलीच्या मागे असती, तर तो आज कदाचित गणवेशात असता.

म्हणून मला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, वाहन परवान्याच्या परीक्षेत गाडी मागे घेण्याची आणि घाटात वाट देण्याची कसून चाचणी व्हावी. डोंगरी तालुक्यांत तर ती सर्वांत महत्त्वाची मानावी. हे सरकारचे काम आहे. दुसरी गोष्ट मात्र आपल्या हातातील आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर होते. आपण गाव झाडतो, शोषखड्डे खणतो. यंदा एक दिवस आपण लाल परावर्तक पट्ट्या घेऊन निघावे आणि शिबिराच्या गावातील प्रत्येक बैलगाडीला, ट्रॉलीला, सायकलला त्या मागून चिकटवाव्यात. खर्च वर्गणीतून निघेल. प्राध्यापकांनी मनावर घ्यावे, ही विनंती. आणि ज्या मित्रांनी मोटारसायकलला पांढऱ्या पट्ट्या मागे लावल्या आहेत, त्यांनी त्या शिबिराला येण्यापूर्वी काढाव्यात, ही दुसरी विनंती.

— द्वितीय वर्ष, कला