लिंबू मदतनीस आहे, औषध नव्हे

सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू पिळून प्यायले की चरबी वितळते, रक्त शुद्ध होते, असे संदेश मोबाइलवर रोज फिरतात. या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही. साखरेच्या चहाऐवजी बिनसाखरेचे लिंबूपाणी घेतले तर पोटात जाणारी साखर तेवढी कमी होते. वजनाला फायदा झालाच तर तो त्यामुळे होतो. या गदारोळात लिंबाचा खरा उपयोग मात्र मागे पडतो आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात त्याचीच गरज जास्त आहे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, समावेश झाला. आरोग्य आणि पोषण हा त्या कार्यक्रमाचा एक मुख्य विषय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. दम लागणे, चक्कर येणे, सतत थकवा ही लक्षणे ‘कामाचा शीण’ म्हणून अंगावर काढली जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या बाईच्या बाबतीत तर हमखास असे होते.

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हुलगे, मेथीची भाजी या रोजच्या जेवणात लोह असते. पण वनस्पतीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. धान्य-डाळींतले फायटेट त्याला धरून ठेवते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर त्यातले टॅनिनही आड येते. इथे लिंबू कामाला येते. त्यातले क जीवनसत्त्व आणि आम्ल लोहाला आतड्यात शोषले जाईल अशा रूपात ठेवतात. म्हणून लिंबाची फोड हवी ती त्याच ताटात, त्याच जेवणात. पहाटे प्यायलेल्या लिंबूपाण्याचा दुपारच्या भाकरीला काही उपयोग होत नाही. रस पिळावा तो भाजी-वरण गॅसवरून उतरवल्यावर, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते.

पण एवढ्याने रक्तक्षय बरा होतो का? मेक्सिकोच्या ग्रामीण भागात लोह कमी असलेल्या महिलांवर झालेले दोन अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या महिलांचा आहारही मका आणि कडधान्यांचा होता. जेवणासोबत दिवसातून दोनदा लिंबूपाणी दिल्यावर लोहाचे शोषण सुमारे तिप्पट झाले. मात्र आठ महिने लिंबूपाणी दिल्यानंतरही शरीरातल्या लोहाच्या साठ्यात ठळक सुधारणा दिसली नाही. लिंबू शोषणाला मदत करते, पण रिकामा झालेला साठा एकट्याने भरून काढत नाही, हाच याचा अर्थ.

त्यामुळे ‘गोळ्यांनी गरम पडते, त्यापेक्षा लिंबू, बीट खा’ हा सल्ला घातक ठरतो. गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोह व फॉलिक अॅसिडची गोळी सरकारी केंद्रांत मोफत मिळते. ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. साध्या पाण्यासोबत घ्यावी, लिंबूपाणी असले तरी चालेल. शौचाला काळे होणे हा गोळीचा अपेक्षित परिणाम आहे. मळमळ होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावे.

लिंबाचे आणखीही काही गुण आहेत. त्यातल्या सायट्रेटमुळे कॅल्शियमचे काही मूतखडे होण्यास अटकाव होतो. पण मराठवाड्याच्या उन्हात त्याहून मोठा बचाव भरपूर पाण्याचा आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी सरबतातले मीठ आणि मधुमेहींनी साखर मोजावी. जुलाब लागल्यास अंदाजाने केलेल्या सरबतापेक्षा ओआरएसचे पाकीट भरवशाचे. लिंबाच्या आम्लाने दातांचे कवच झिजते, म्हणून फोड चोखत बसू नये आणि लिंबू खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. छातीत जळजळ होणाऱ्यांनी बेतानेच घ्यावे. चेहऱ्याला रस चोळून उन्हात गेल्यास फोड येऊन काळे डाग पडू शकतात.

उन्हाळ्यात लिंबू महागते. २०२२ च्या एप्रिलमध्ये तर भाव किलोला दोनशे रुपयांच्या पुढे गेला होता. अशा वेळी अडून बसण्याचे कारण नाही. पेरू आणि आवळ्यात लिंबापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असते. कच्ची कैरी, टोमॅटो, कोथिंबीरही चालते. चिंच आंबट असली तरी तिच्यात ते फारच थोडे असते.

अनेक घरांत बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. तोवर भाजी संपत आलेली असते आणि लिंबाची फोडही उरत नाही. ती फोड तिच्या ताटात पडली पाहिजे. त्यासोबत वर्षातून एकदा तरी तिच्या हिमोग्लोबिनची तपासणी व्हायला हवी. गर्भवतीचे ११ च्या खाली आणि इतर महिलांचे १२ च्या खाली असेल, तर उपचार लगेच सुरू करावेत आणि रक्त कमी होण्याचे कारणही शोधावे. पाळीतला जास्त रक्तस्राव किंवा जंत हे कारण असेल, तर कितीही लिंबे खाऊन ते दूर होणार नाही.