बेटावरचा बाजारहाट

मुंबईहून होडीने तासाभरात घारापुरीस जाऊन, लेणी पाहून सायंकाळी परतणारे सद्गृहस्थ तेथील शांततेची स्तुती करितात, तेव्हा आम्हांस हसू येते. त्या शांततेत किराण्यासाठीही समुद्राची मर्जी राखावी लागते! लेण्यांस जागतिक वारशाचा मान १९८७ साली मिळाला. खालच्या गावांत समुद्रतळाच्या तारेने वीज आली २०१८ साली. ‘महिन्याचे सामान एकदम भरावे,’ हा वर उपदेश! रोजच्या कमाईवर चूल पेटविणाऱ्याने एकरकमी पैसा आणावा कोठून? गोणी होडीत चढवा, धक्क्यावर उतरवा, खांद्यावरून घरी न्या. वादळात तर होडीच बंद. पाषाणातील शिवास जपणाऱ्या सरकारने त्याच्या पायथ्याशी नांदणाऱ्या माणसांच्या धान्याचे होडीभाडे सोसावे. हा उपकार नव्हे, न्याय होय.