टॅग संपलेल्या शिकाऱ्याचा हक्क

अमेरिकेत वसंत ऋतूत जंगली टर्कीच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की एक प्रश्न हटकून विचारला जातो. शिकाऱ्याला परवान्याबरोबर ठरावीक टॅग मिळतात. एक पक्षी मारला की एक टॅग खर्ची पडतो. सारे टॅग खर्ची पडलेल्या शिकाऱ्याने दुसऱ्याच्या शिकारीस मदत केल्यास कायद्याच्या दृष्टीने तोही शिकारीच ठरतो काय? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. पण सार्वजनिक संपत्तीचे वाटप कसे करावे, हा मोठा वाद त्याच्या मुळाशी आहे.

ही मदत म्हणजे हाकारे घालणे नव्हे. मादीच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून नराला बंदुकीच्या टप्प्यात आणावयाचे असते. पाटीच्या तुकड्यावर काडी घासून, लाकडी पेटीवर तिचे झाकण घासून किंवा तोंडात पातळ पडदा धरून हा आवाज काढतात. तो साधण्यास वर्षे लागतात. खरी शिकार आवाज काढणाराच करतो, बंदूकवाला केवळ चाप ओढतो, असे कोणी म्हटल्यास त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्राणी हाकून आणणे हेही शिकारीच्या व्याख्येत घेतले आहे. मात्र भारतीय कायद्याला शिकार थांबवावयाची आहे. अमेरिकन राज्यांना ती मोजून वाटावयाची आहे.

तेथे हे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते, त्यामुळे सर्वत्र लागू पडेल असे एक उत्तर नाही. बहुतेक राज्ये अशी मदत चालू देतात. मात्र मदतनिसाने गोळी झाडू नये, कित्येक ठिकाणी तर हत्यार जवळही बाळगू नये, अशी अट असते. काही राज्यांत त्याच्याजवळही परवाना लागतो. यांतील हत्याराची अट सर्वांत शहाणपणाची म्हटली पाहिजे. वनरक्षकाला कोणाच्या मनातला हेतू पाहता येत नाही, खांद्यावरची बंदूक दिसते. हाती बंदूक असलेला निष्णात माणूस शेजाऱ्याच्या टॅगवर आपलीच हौस भागवील, ही शंका नुसत्या समजुतीने दूर होण्यासारखी नाही.

मग आक्षेप उरतो तो संख्येचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९३० च्या दशकात हा पक्षी जवळजवळ नामशेष झाला होता. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळविले. १९५० च्या दशकापासून तोफेने उडविलेल्या जाळ्यांत पक्षी पकडून ते नव्या रानांत सोडण्यात आले. या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या साठ लाखांच्या आसपास पोहोचली. पुढे दक्षिणेकडील कित्येक राज्यांत ती पुन्हा घसरली. टेनेसीने वसंतातील मर्यादा चार पक्ष्यांवरून २०२१ साली तीनवर आणि २०२३ साली दोनवर आणली.

आता टॅगांचा हिशेब पाहावा. सारेच टॅग वापरले जाणार नाहीत, पुष्कळ शिकारी रिकाम्या हाताने परततील, हे त्यात गृहीत असते. निष्णात मदतनीस नेमके हे अपयश कमी करतो. टॅग तेवढेच राहतात आणि मेलेले पक्षी वाढतात. पण यावर मदतनिसाचे तोंड बंद करणे हा उपाय नव्हे. टेनेसीप्रमाणे मर्यादा उतरविणे, हा सरळ मार्ग मोकळा आहे. शिवाय मदत घेणारा बहुधा घरचा मुलगा, नवखी मुलगी नाही तर थकलेला शेजारी असतो. संरक्षणाचा बराचसा खर्च शिकाऱ्यांच्या शुल्कावर व करावर चालतो, आणि गेल्या काही दशकांत शिकाऱ्यांची संख्या तर घटत आली आहे. नवख्यांना शिकविणाराच रानाबाहेर काढला, तर ही तिजोरी भरणार कोण?

पैसे घेऊन हेच काम करणाऱ्या वाटाड्याची गोष्ट मात्र निराळी. स्वतःच्या टॅगवर दोनच पक्षी मारू शकणारा हा माणूस एका हंगामात वीस-पंचवीस गिऱ्हाइकांना पक्षी मिळवून देऊ शकतो. पुष्कळ राज्यांत त्याला धंद्याचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. त्याच परवान्यावर, त्याच्या आवाजाला भुलून आलेल्या आणि मारल्या गेलेल्या प्रत्येक नराची नोंद करणे त्याला भाग पाडावे, आणि पुढच्या वर्षीचे टॅग ठरविताना ती वही समोर ठेवावी.