कोणते रुग्णालय चांगले?

हृदयविकाराचा झटका म्हणजे काय, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकते, तिच्या पलीकडचा स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो, आणि जसजसा वेळ जातो तसतसा हा मेलेला भाग वाढत जातो. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि आपली साधी ॲस्पिरिन यांनी किती जीव वाचतात हे १९८८ साली स्पष्ट झाले. ४१७ रुग्णालयांतील १७,१८७ रुग्णांवर ही चाचणी झाली. दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले शेकडा ८. एकही न मिळालेल्यांपैकी शेकडा १३.

औषधे सर्वांना ठाऊक आहेत. तरीही सगळ्या रुग्णालयांत सारखेच रोगी वाचत नाहीत. मग आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात कोणते रुग्णालय चांगले, हे कसे ठरवायचे? तुम्ही म्हणाल, त्यात काय, मृत्यू मोजा!

मोजून पाहू. पुढचे आकडे कल्पित आहेत, पण वहीत मांडून पाहा. तालुक्याच्या रुग्णालयात १०० रोगी आले, १२ दगावले. जिल्ह्याच्या रुग्णालयात १०० आले, १९ दगावले. तालुक्याचे रुग्णालय सरस ठरले, नाही का? आता रोग्यांचे दोन गट करा. तालुक्यात सौम्य झटक्याचे ८० होते, त्यांतले ४ गेले. गंभीर २० होते, त्यांतले ८ गेले. जिल्ह्यात सौम्य ४० होते, १ गेला. गंभीर ६०, त्यांतले १८ गेले. शेकडेवारी काढा. सौम्य रोग्यांत ५ विरुद्ध अडीच, गंभीर रोग्यांत ४० विरुद्ध ३०. दोन्ही गटांत जिल्ह्याचेच रुग्णालय चांगले! ते मागे पडलेले दिसते, कारण अवघड रोगी त्याच्याकडे जातात.

शिवाय एक मेख आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी अत्यवस्थ रोग्याला पुढे पाठवले, तर मृत्यूची नोंद पुढच्या रुग्णालयाच्या खात्यावर पडते. आणि तो वाटेतच जीपमध्ये गेला तर? मग तो कोणाच्याच खात्यावर नाही. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यातील राजूरपासून नगर शहर शंभर किलोमीटरहून दूर, जामखेडपासून सुमारे ७५. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते, हे खरे. पण छातीत कळ आल्यावर 'पित्त असेल' म्हणून रात्र काढणाऱ्या घराला ती काय करणार? भारतातील ५० शहरांतील ८९ केंद्रांत वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक काळ निघाला ३६० मिनिटे. रुग्णालयात पोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध सुरू व्हायला लागली ५० मिनिटे. सहा तास बाहेर, तासाहून कमी आत!

त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी शेकडा ८.२ दगावले, श्रीमंतांपैकी ५.५. दोघांना मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात धरला, तेव्हा ही तफावत नाहीशी झाली. म्हणजे गरिबाचे हृदय काही दुबळे नव्हते. त्याला उपचारच कमी मिळाले होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की प्रत्येक रुग्णालयाने, मग ते सरकारी असो वा खाजगी, आपले आकडे लोकांपुढे ठेवावेत. अमेरिकेत २००७ पासून हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या ३० दिवसांतील मृत्यूंची रुग्णालयवार तुलना प्रसिद्ध होते. रोग्याचे वय व इतर आजार लक्षात घेऊनच ती करतात. यावर आक्षेपही आहेत. आकड्यांच्या धाकाने रुग्णालये गंभीर रोग्याला दारातूनच परत पाठवतील, ही भीती खोटी नाही. न्यूयॉर्क राज्यात हृदयशस्त्रक्रियांचे आकडे जाहीर होऊ लागले तेव्हा ती बोलून दाखवली गेली होती. लहान रुग्णालयात वर्षाला दहाच रोगी आले, तर एका मृत्यूने शेकडा दहाचा फरक पडतो, हेही खरे. पण याला उपाय आहे: अवघड रोग्यांचा भार हिशेबात धरा, आणि लहान रुग्णालयांची तीन-चार वर्षे एकत्र मोजा. आकडे कपाटात ठेवणे हा उपाय नव्हे.

नोंदी ठेवणे खेड्यात जमणार नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला जामखेड दाखवा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. गावोगावच्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका झाल्या आणि गावातले जन्म-मृत्यू ध्यानात ठेवू लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे आरंभी हजारी १७६ च्या सुमारास असलेले बालमृत्यूचे प्रमाण १९९० च्या दशकात तिसाच्याही खाली आले होते.

झटक्याच्या नोंदीलाही फार काही लागत नाही. कळ किती वाजता आली, रोगी किती वाजता पोचला, ईसीजी केव्हा काढला, औषध केव्हा दिले, कोठे पाठवले, आणि तिसाव्या दिवशी तो जिवंत आहे का. हा शेवटचा रकाना भरायला कोणीतरी त्याच्या घरी जावे लागते किंवा फोन करावा लागतो, आणि नेमका तोच बहुधा कोरा राहतो.