गळ टाकून बसणे

"मासे धरतोस? मग अभ्यास कधी करतोस?" हा प्रश्न मला आजवर इतक्यांनी विचारला आहे की उत्तर एकदा छापूनच टाकावे म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी मी शास्त्र शाखेत होतो. होतो म्हणजे घरच्यांनी घातले होते. पहिल्याच वर्षी नापास झालो आणि तोंड लपवायला कृष्णाकाठी जाऊन बसू लागलो. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, गळाला कणकेची गोळी आणि पाण्यावर तरंगता ज्वारीच्या धाटाचा तुकडा. तो बुडाला की झटका द्यायचा. घाई केली तर मासा सुटतो, उशीर केला तर रिकामा गळ वर येतो. दिवसभरात एखादी चिलापी मिळे. पण तिथे 'किती टक्के?' असे कोणी विचारीत नव्हते! वर्गात पाऊण तास स्थिर न बसणारा मी तिथे चार-चार तास धाटाच्या तुकड्याकडे पाहत बसे. मला बसणे जमत नव्हते असे नव्हे. जमत नव्हते ते रसायनशास्त्र. हे उमगले त्याच रात्री अण्णांना सांगितले. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कला शाखेच्या फीचे पैसे माझ्या उशाशी होते.

इंग्रजीच्या सरांना हा नाद कळला तेव्हा त्यांनी नॉर्मन मॅक्लीन यांचे 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' वाचायला दिले. त्यात अमेरिकेतल्या माँटानात पिसे-दोऱ्याच्या खोट्या माशीने ट्राउट धरतात. माशीला वजन नसते. वजन दोरीला, तिच्याच झोक्याने माशी पाण्यावर उतरते. मॅक्लीन यांचे धर्मोपदेशक वडील मुलांना हे झोके मेट्रोनोमच्या ठोक्यावर, चार मात्रांत शिकवीत. आपल्याकडे तबला शिकवावा तसे! पुढे मॅक्लीन शिकागो विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले, आणि हे पुस्तक आले १९७६ साली, सत्तरी उलटल्यावर.

आणि आपल्याकडे 'व्यक्तिमत्त्व विकासा'ची शिबिरे तीन दिवसांत माणसाला स्वतःची ओळख करून देतात म्हणे! मला हे पटत नाही. अर्थात सर्वांनी गळ टाकावा असेही माझे म्हणणे नाही. एका मित्राला नेले होते, तो अर्ध्या तासात कंटाळून क्रिकेट खेळायला गेला. त्याचेही बरोबरच होते.

आमच्या घरात मासे चालत नाहीत. मिळालेली चिलापी मी घाटावरच्या मुलांना देऊन टाकतो. त्यावर आई विचारते, "मग जातोस तरी कशाला?" तिच्यासाठी हा अंक घरी नेणार आहे.