टाकळीचा दगड, लिंगोचे गाणे

४ सप्टेंबर हा स्टीफन हिस्लॉप यांचा स्मृतिदिन. दुसऱ्याच दिवशी शिक्षक दिन असतो. हारतुरे, सत्कार, भाषणे सुरू होतात आणि त्या धामधुमीत नागपूर आपल्या एका जुन्या मास्तरांना विसरून जाते. त्यांच्या नावाचे, १८८३ मध्ये स्थापन झालेले कॉलेज आज सिव्हिल लाइन्समध्ये आहे. विदर्भातल्या कितीतरी पिढ्या तिथे शिकल्या. तरीही हे हिस्लॉप कोण होते, असे तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारले, तर उत्तर मिळेलच याची खात्री नाही.

हिस्लॉप स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे. १८४५ मध्ये ते नागपुरात आले, तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी मिशनची शाळा काढली. ते धर्मप्रसारासाठी आले होते. त्यांनी ते कधी लपवले नाही, आपणही लपवण्याचे कारण नाही. मिशनच्या शाळांकडे समाज त्या काळी संशयाने पाहत होता आणि त्या संशयाला आधारही होता. पण या माणसाची थोरवी त्या वादात संपत नाही.

टाकळी आज शहरात मिसळून गेली आहे. हिस्लॉप यांच्या काळी ते गावाबाहेरचे ठिकाण होते. तिथल्या काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक पातळ, वेगळाच थर त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना दिसला. त्यात गोड्या पाण्यातले शंख होते, फळे आणि बिया होत्या, सगळे दगड झालेले. लाव्हाचा एक लोट थंड झाला, त्यावर पाणी साचून तळे झाले, तळ्यात गोगलगायी वाढल्या, काठाला झाडे आली आणि मग दुसरा लोट येऊन सगळे झाकून गेला. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा हा वृत्तांत टाकळीच्या त्या थरात जपलेला होता. नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा या दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. पुढे वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याला हिस्लॉप यांना प्रचंड प्राण्यांची हाडेही सापडली. भूगर्भशास्त्र हे काही त्यांचे नेमून दिलेले काम नव्हते. ते शाळा चालवीत होते, प्रवचने करीत होते आणि येताजाता पायाखालचा दगड उचलून पाहत होते.

तीच नजर त्यांनी माणसांकडेही वळवली. गोंडांचे शब्द, चालीरीती, देवदेवता ते टिपत राहिले. गोंडांची गाणी गाणाऱ्या प्रधानांच्या तोंडून त्यांनी लिंगो या गोंडांच्या देवपुरुषाचे गाणे गोंडीतच उतरवून घेतले. हिस्लॉप यांच्या मागे इंग्रज अधिकारी रिचर्ड टेम्पल यांनी हे सारे कागद संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या भाषेला शहरातले सुशिक्षित भाषा मानायलाही तयार नव्हते, तिच्यातले गाणे ऐकायला एक मास्तर जाऊन बसला, यातला आदर आम्हाला फार मोलाचा वाटतो.

आज याची आठवण काढण्याला कारण आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची एक योजना आहे. तिच्यातून आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत प्रवेश मिळतो आणि खर्च सरकार उचलते. योजना चांगली आहे. पण गडचिरोलीकडची गोंड मुलगी सहाव्या-सातव्या वर्षी अशा वसतिगृहात येते, तेव्हा तिच्यासोबत तिची गोंडीही येते. त्या गोंडीचे पुढे काय होते? पोहणे, संगीत, संगणक, योग, सर्वांगीण विकासाच्या नावाखाली पुष्कळ काही शाळेच्या माहितीपत्रकात असते. त्या मुलीच्या आजीची गोष्ट मात्र कोणत्याही तासिकेत नसते. वर्षभरात ती आपली बोली वर्गात बोलायला लाजू लागली, तर तिला इंग्रजी कितीही चांगले येवो, तिचे शिक्षण अर्धेच झाले.

निवासी शाळा म्हणजे केवळ इंग्रजी आणि माहितीपत्रक नव्हे; ख्रिस्ती निवासी शिक्षणाची महाराष्ट्रातली परंपरा त्याहून मोठी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या, तिथल्या उपाशी, अनाथ मुलींना त्यांनी आपल्यासोबत नेले आणि केडगावच्या मुक्ती सदनात वाढवले. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी होती, म्हणून हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे. मुक्तीत आधी जेवण, मग अक्षर. आणि अक्षरासोबत शेत, माग, छापखाना. रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते तिथल्याच स्त्रियांनी जुळवून छापले. तिथे हाताचे काम शिक्षणाचा तितकाच महत्त्वाचा भाग होते. त्या मुलींना कामही येत होते आणि छापलेला शब्दही वाचता येत होता. रमाबाईंच्या धर्मविषयक भूमिकेशी मतभेद असलेल्यांनीही हे काम मान्य केले पाहिजे.

हिस्लॉप यांचा शेवट नागपूरजवळच झाला. टाकळघाटला, आजच्या बुटीबोरीच्या बाजूला, प्राचीन शिळावर्तुळे पाहायला ते टेम्पल यांच्यासोबत गेले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी परतताना पावसाने फुगलेला नाला ओलांडताना ते बुडाले. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

शिक्षक दिनी शहरातल्या शाळांमध्ये शिक्षकांना गुलाबाची फुले दिली जातात. ती जरूर द्यावीत. पण मिशनच्या निवासी शाळांच्या मुख्याध्यापकांना, तिथल्या सिस्टर आणि फादरना आमचे सांगणे आहे की, एक दिवस वर्ग बंद ठेवून मुलांना सीताबर्डीच्या टेकडीचा दगड हाताने चाचपून पाहू द्या, काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची शिळावर्तुळे दाखवा. आणि त्या संध्याकाळी वसतिगृहातल्या गोंड मुलांना त्यांच्या घरची गाणी म्हणायला सांगा. बाकीच्या मुलांनी आणि शिक्षकांनी ती समोर बसून ऐकावीत. यासाठी ना वेगळे अनुदान लागते, ना कोणाची परवानगी.